तिसऱ्या वर्षाचा वसंत

आईच्या शेतात तेव्हा तिसऱ्या वर्षाचा वसंत चालू होता. चार वाफे मुळ्याचे, तीन बटाट्याचे, ओढ्याच्या अंगाला अजून दगड वेचायचे राहिलेले. गोठ्यात तांबू, खुराड्यात पाच कोंबड्या. परसात लाकडं रचून ठेवलेली, कारण पुढच्या हंगामात घराला एक खण वाढवायचा तिचा विचार होता. आणि टीव्हीच्या पडद्यावर वर उजवीकडे, त्या घराच्या छपराला टेकून, एक पिवळी पट्टी आली होती. हा गेम लवकरच सेवेतून काढला जाणार आहे. खाली तारीख. मोजून सतरा दिवस.

आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिने विचारलं, "काय म्हणतंय रे ते?"

"काही नाही, जाहिरात आहे," मी म्हटलं.

आईशी खोटं बोलायची मला सवय नाही. तीन दिवस कसंबसं रेटलं आणि चौथ्या दिवशी सांगून टाकलं. ते पुढे येईल. आधी आई या शेतात गेली कशी ते सांगतो.

२०२४च्या मार्चमध्ये तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वय सत्तर. लालबागच्या ज्या चाळीत तिने लग्नापासून चाळीस वर्षं काढली, ती पाडून तिथे टॉवर उभा राहिला आणि त्याच टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर आता आम्ही राहतो. चाळ असती तर गॅलरीत खुर्ची टाकून बसली असती आणि येणाऱ्याजाणाऱ्यांत तिचा दिवस सरला असता. चौदाव्या मजल्यावर येणारंजाणारं कोणी नाही. लिफ्टचं दार उघडतं, बंद होतं. मालिका तिला आवडत नाहीत. बायका एकमेकींचं वाईट चिंतत बसतात ते बघवत नाही म्हणते. फिजिओथेरपीवाली मुलगी सकाळी येऊन जायची, मग सबंध दुपार अंगावर यायची.

एका दुपारी माझ्या लेकीने तिच्या हातात कंट्रोलर दिला. "आजी, तुझ्यासाठी शेती शोधलीय."

या सेवेचं सभासदत्व मी लेकीसाठी घेतलं होतं. वर्षाचे पैसे भरायचे, मग शेकडो गेमचं कपाट आपल्याला उघडं. त्यात एक कप्पा जुन्या गेमचा. हा शेतीचा गेम त्या कप्प्यातला, नव्वदच्या दशकातला, मूळ जपानी. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण आईने ते कधी घेतलंच नाही. ती 'माझं शेत' म्हणायची. आजोबा मागे ठेवून गेलेली पडीक जमीन, तण माजलेलं, दगडधोंडे पसरलेले. खणायचं, पेरायचं, पाणी घालायचं. दिवस मावळला की घरात जाऊन डायरी लिहायची, म्हणजे गेम तिथवर सेव्ह होतो.

कंट्रोलरवरची अक्षरं आईला लागेनात. लेकीने तिच्याच पाकिटातल्या टिकल्या काढून बटणांवर चिकटवल्या. लाल टिकली म्हणजे कुदळ, हिरवी म्हणजे पाणी, मरून म्हणजे बोलायचं किंवा उचलायचं, आणि काळी खड्याची म्हणजे मागे फिरायचं. पहिले आठ दिवस आई अंगठा उचलून आधी टिकली बघायची, मग दाबायची. नंतर बघायची गरज उरली नाही. संधिवाताने तिचे अंगठे सकाळी आखडलेले असतात. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला होता, तो तसाच पडून राहिला.

तिचं माहेर पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन गिरणगावात आली, पण हात शेतातलेच राहिले. त्यामुळे या गेमशी तिचं पहिल्या दिवसापासून भांडण. चार ऋतू, प्रत्येक ऋतू तीस दिवसांचा, हे तिला पटेना. "यात पावसाळा कुठाय?" रोज झारीने पाणी घालायचं, तेही एका वेळी एका चौकोनाला. "झारीनं कुणी शेत भिजवतं का? ही काय तुळस हाय?" माणूस सगळं शेत एकटा करतो आणि गावात इतकी घरं असून कोणी हाताखाली येत नाही, याचा तिला खरोखर राग यायचा. "ह्यांच्यात पैरा नाही का? आज मी तुझ्याकडं, उद्या तू माझ्याकडं." मी म्हटलं, गेममध्ये तसं नाही. त्यावर ती म्हणाली, "मग बनवणाऱ्यानं शेती बघितलीय, केलेली नाही."

मात्र जनावराशी बोलता येतं, रोज पाठीवरून हात फिरवला तर ते माया करू लागतं आणि दूध जास्त देतं, हे तिला बरोबर वाटलं. गायीचं नाव लिहायचं आलं तेव्हा लेकीने इंग्रजी अक्षरांत 'तांबू' असं टाकून दिलं. माझ्या आजोळच्या गायीचं नाव तांबू होतं. माझ्या लेकीला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. आजीने सांगितलं असणार.

चौथ्या दिवशी मी सांगितलं. दुपारचा चहा झाला होता. म्हटलं, "आई, तो गेम काढून घेणार आहेत. पुढच्या महिन्यापासून दिसणार नाही."

तिने सावकाश विचारलं, "नोटीस किती दिवसांची?"

"आता दोन आठवडे राहिले."

"आणि आपल्याला दुसरीकडं कुठं देणार?"

मला काही क्षण समजलंच नाही. मग लक्षात आलं. २०१६ साली चाळीच्या जिन्यात नोटीस लागली होती, तेव्हा तिने बाबांना हाच प्रश्न केला होता. त्या वेळी उत्तर होतं: आधी संक्रमण शिबिर, मग याच जागी नवीन घर, करारावर सह्या झालेल्या. पाच वर्षं शिबिरात काढली, पण घर मिळालं. तिच्या हिशेबात, माणूस इतकी वर्षं जिथे राबला तिथून त्याला उठवायचं तर त्याला दुसरीकडे काहीतरी द्यावंच लागतं. मी म्हटलं, "कुठेच नाही गं. नुसतं जाणार."

"मी पैसे भरत नव्हते का?"

"भरत होतो की. पण ते वापरायचे पैसे."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "मुळा अकराव्या दिवशी तयार होतोय. तेवढा निघंल."

त्या रात्री मी बसून शोधलं, जुने गेम असे का जातात. बँकेत नोकरी करत असल्यामुळे करारातली कलमं वाचायची मला सवय आहे, आणि सेवेच्या अटींमध्ये सगळं लिहिलेलं होतं. यादी बदलू शकते, सूचना देऊन गेम काढता येतो. फसवणूक नव्हती. सेवा चालवणारी कंपनी आणि गेमचे हक्क ज्याच्याकडे आहेत तो मालक यांच्यात ठरावीक मुदतीचा करार असतो. मुदत संपली की पुन्हा बोलणी, पुन्हा रक्कम. ज्या गेमला लाखो खेळणारे आहेत त्याच्यासाठी ती बोलणी होतात. चौदाव्या मजल्यावरच्या एका म्हातारीसाठी होत नाहीत.

जुन्या गेमची आणखी एक अडचण म्हणजे मूळ मालकच जागेवर नसतो. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने आपल्या जपानमधल्या सभासदांच्या सेवेतून २८ मार्च २०२५ला 'सुपर फॉर्मेशन सॉकर' हा गेम काढून घेतला. १९९१ सालचा फुटबॉलचा गेम, ह्युमन एंटरटेनमेंट नावाच्या कंपनीने केलेला. ती कंपनी केव्हाच बंद पडली आणि हक्क फिरत फिरत दुसऱ्याकडे गेले. आम्ही लहानपणी ज्यात दगडाच्या कुऱ्हाडी फेकत पळायचो तो 'ॲडव्हेंचर आयलंड' हडसन सॉफ्टचा. हडसन २०१२ साली कोनामी या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. कधीकधी गेम एकाचा, त्यातलं गाणं दुसऱ्याचं आणि गाडीचं मॉडेल तिसऱ्याचं असतं. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' मधल्या रेडिओवरची बरीच गाणी २०१८ साली काढावी लागली, कारण त्यांच्या परवान्याची दहा वर्षं भरली होती. ज्यांनी तो गेम रोख पैसे मोजून विकत घेतला होता, त्यांच्याही गाड्यांमधला रेडिओ बदलला. 'गोल्डनआय ००७' हा १९९७चा गेम तर निन्टेन्डो, तो गेम बनवणारी आणि पुढे मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेली रेअर ही कंपनी आणि बाँडपटांचे हक्कदार यांच्या कात्रीत पंचवीस वर्षं अडकून पडला होता. तो परत आला २०२३च्या जानेवारीत.

विकत घेतलं तरी सुटका नाही, हेही त्या रात्री वाचलं. निन्टेन्डोच्या वी नावाच्या यंत्रावर २००६ पासून लोकांनी जुने गेम एकेक करून विकत घेतले, आणि ते दुकान ३० जानेवारी २०१९ला बंद झालं. थ्रीडीएस आणि वी यू या त्यांच्याच पुढच्या यंत्रांचं दुकान २७ मार्च २०२३ला. त्यानंतर तिथे नवीन काही घेता येत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा त्या देशात २०१०च्या आधी बाजारात आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम कुठेच विकत मिळत नव्हते. शंभरातले सत्त्याऐंशी! नव्या लोकांनी ते खेळायचे कसे? कुणाच्या तरी माळ्यावर जुनं यंत्र आणि चालू असलेली कॅसेट सापडली तर, नाहीतर चोरून.

चोरून हा शब्द लिहिताना मला लालबागचे कॅसेटवाले मामा आठवतात.

आमच्या गल्लीच्या तोंडावर रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. १९९४च्या सुमारास मामांनी रेडिओच्या जोडीला व्हिडिओ गेमच्या कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली. फॅमिकॉम हे मूळ यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ला बाजारात आलं, म्हणजे माझ्याच वयाचं. आमच्याकडे आली ती त्याच्या नकला. रंग वेगळे, नावं वेगळी, आत तेच. कॅसेटचे दिवसाला तीन रुपये, आख्खा सेट एका रात्रीला वीस. शनिवारी चार मुलांनी वर्गणी काढून सेट आणायचा, टीव्हीचा चॅनल जुळवायचा, मुंग्या जाऊन चित्र आलं की ओरडायचं. चित्र आलं नाही तर कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नसतं, आतल्या धातूच्या पट्ट्यांना ओल धरून उलट नुकसानच होतं, असं आता म्हणतात. तेव्हा दर वेळी चित्र यायचं.

मामांकडे लाल कापडी बांधणीची एक वही होती. तारीख, नाव, खोली नंबर, कॅसेट. 'कॉन्ट्रा' मागायला गेलं की ते वही उघडायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि बोट फिरवत सांगायचे, "कॉन्ट्रा बाहेर आहे. दिग्विजय चाळ, अठ्ठावीस नंबर. गुरुवारी ये." बाहेर आहे. म्हणजे कुठेतरी कुणीतरी खेळतंय, आणि गुरुवारी ती माझ्याकडे येणार. एकदा माझी सहामाही परीक्षा होती आणि मी एका कॅसेटवर चौथ्या पातळीपर्यंत पोचलो होतो. त्या गेममध्ये सेव्ह नव्हतं, सांकेतिक अक्षरं लिहून ठेवावी लागायची. मामांनी ती त्याच वहीत माझ्या नावापुढे लिहून घेतली. "तुझी चिठ्ठी हरवंल. माझी वही हरवत नाही."

त्याच दिवसांत कधीतरी आईने पहिल्यांदा गेम पाहिला. सर्कसचा होता, सिंहावर बसलेला पोरगा जळत्या रिंगणांमधून उड्या मारत जातो. ती लसूण सोलत बसली होती. बराच वेळ बघून म्हणाली, "ह्यो सिंह चाललाय कुठं?" आम्ही सगळे हसलो. आता तीस वर्षांनी तो प्रश्न मला मुळीच हसण्यासारखा वाटत नाही. शेतात बसल्यावर पहिल्या दिवशी तिने तेच विचारलं होतं: हे सगळं करून शेवटी काय होतं?

मामांच्या त्या कॅसेटी नकली होत्या. एकेका कॅसेटीत शंभर शंभर गेम कोंबलेले. त्यातला एक पैसा जपानमध्ये बसून ते गेम लिहिणाऱ्यांपर्यंत पोचला नाही. हे तेव्हा कळत नव्हतं, पुढे कळलं, आणि माझ्या मनात ते राहून गेलं आहे. मूठभर माणसांनी रात्रीचा दिवस करून चाळीस किलोबाइटमध्ये अख्खा 'सुपर मारिओ' बसवला. सकाळी उठल्यावर व्हॉट्सॲपवर येणारं फुलांचं एक चित्र त्याहून मोठं असतं. त्या माणसांचं मी देणं लागतो असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी सभासदत्व घेतलं, लेकीला पहिल्यापासून रीतसर पैसे भरून खेळायची सवय लावली. आज माझ्याकडे पैसे आहेत, द्यायची इच्छा आहे. आईचं शेत विकत द्या म्हणून मी सेवेच्या मदतकेंद्राला लिहिलं. उत्तर आलं, सध्या हा गेम आपल्या भागात विक्रीला उपलब्ध नाही, आमच्या यादीतले इतर उत्तम गेम जरूर पाहा.

राग आला तो इथे. 'क्लासिक' हा शब्द त्यांनी लावला होता, मी नाही. अभिजात म्हणून ज्याची पाटी लावता, ते सांभाळायची जबाबदारी त्या पाटीबरोबर येते की नाही? मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून उभं आहे. तिथलं पुस्तक वाचणारा वर्षातून एक आला म्हणून ते पुस्तक पुढच्या महिन्यात कपाटासकट नाहीसं होत नाही. होऊ नये यासाठी कितीतरी माणसांनी आयुष्यं घातली आहेत.

आणि न सांभाळलेल्याचं काय होतं, ते बघायला मुंबईकराला लांब जावं लागत नाही. १४ मार्च १९३१ला गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला, आपल्या देशातला पहिला बोलपट. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. काही छायाचित्रं, जाहिराती, लोकांच्या आठवणी, एवढंच. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. तोवर तेहतीस वर्षं उलटून गेली होती. त्या काळात सिनेमा जपून ठेवायची वस्तू आहे हेच फारसं कुणाच्या मनात नव्हतं, आणि फिल्म तर नुसत्या उष्णतेने पेट घ्यायची.

गेमचं दुःख मला याहून वेगळं वाटतं, आणि जास्त टोचतं. आईचा गेम जळलेला नाही. तो कुठल्यातरी सर्व्हरवर आहे, संग्राहकांच्या कपाटांत आहे, त्याची प्रत करायला काही सेकंद पुरतात. ज्यांना जपायचं आहे अशी माणसंही आहेत. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी आणि अभ्यासकांनी कायद्यात एवढीच सवलत मागितली होती की बाजारात न मिळणारे जुने गेम संशोधकांना आपल्या जागेवरून, दूरस्थ पद्धतीने वापरायला देता यावेत. गेम कंपन्यांच्या संघटनेने विरोध केला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. लोक त्यात मजा म्हणून खेळतील, ही भीती होती. मजा म्हणून! गेम त्याच्यासाठीच तर केलेला असतो. युरोपात मात्र लोक उठले आहेत. 'द क्रू' या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ अखेरीस बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या हातात निकामी झाला. त्यावरून रॉस स्कॉट या माणसाने चळवळ उभी केली आणि युरोपीय संघाकडे द्यायच्या मागणीपत्रावर जुलै २०२५पर्यंत दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मी वाचून उठलो आणि दहा लाख हा आकडा आईला सांगितला. ती म्हणाली, "गिरणीच्या संपात अडीच लाख होते. तुझ्या बाबांना काय मिळालं?"

१९८२च्या त्या संपाबद्दल ती कधी बोलत नाही. मी पुढे काही बोललो नाही.

शेवटची संध्याकाळ रविवारी आली. लेक क्लास बुडवून घरी थांबली, मी तिला अडवलं नाही. आईने देवापाशी दिवा लावला आणि मग खुर्ची ओढून बसली. मुळा अकराव्या दिवशी बरोबर तयार झाला होता. तिने एकेक उपटला. नेहमी ती माल रस्त्याकडेच्या पेटीत टाकायची, संध्याकाळी गाडी येऊन पैसे देऊन जायची. त्या दिवशी पेटीकडे गेली नाही. मुळा हातात घेऊन गावात निघाली, फुलवालीच्या दुकानात गेली, लोहाराकडे, देवळाशेजारच्या म्हाताऱ्याकडे, आणि मरून टिकली दाबून प्रत्येकाला एकेक दिला. प्रत्येक जण इंग्रजीत आभार मानायचा आणि लेक ते मराठीत सांगायची. जेवढे मुळे होते तेवढे संपेपर्यंत हे चाललं. गेममध्ये दिवस कलला, आकाश नारिंगी झालं.

मग ती गोठ्यात गेली. तांबूच्या पाठीवरून हात फिरवला. गेममध्ये रात्री जनावरं आत घ्यायची असतात, बाहेर राहिली तर कधी आजारी पडतात, म्हणून आई कधीही चुकत नसे. त्या संध्याकाळी तिने तांबूला पाठीमागून हलके ढकलत ढकलत दाराबाहेर आणलं, ओढ्याकडच्या गवतात नेऊन उभं केलं.

"आजी, आत घे ना," लेक म्हणाली.

"बांधून ठेवून जाऊ नये," आई म्हणाली. "आपण नसलो की पाणी कोण दावंल?"

घरात जाऊन तिने डायरी लिहायचं बटण दाबलं. सेव्ह झालं. टीव्ही बंद करायला ती स्वतः उठली, गुडघ्यावर हात ठेवून, रिमोट समोर असूनसुद्धा. भिंतीवरचं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चित्रावर कुलपाचं चिन्ह होतं. चित्र तेच, कौलारू घर आणि मागे डोंगर. त्यावर पांढरं कुलूप.

पुढच्या शनिवारी मी लॅमिंग्टन रोडला गेलो. ग्रँट रोड स्टेशनाबाहेर पडून चालत, जसा वीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटरचे भाग घ्यायला जायचो तसा. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, बोलण्यात लॅमिंग्टन रोडच. फुटपाथलगतच्या एका गाळ्यात तळहाताएवढे काळे डबे रचून ठेवले होते, टीव्हीला लावले की हजारो जुने गेम. पोराला म्हटलं, शेतीचा जपानी गेम आहे का. त्याने यादी खाली खाली नेली, नेतच राहिला. खाली कुठेतरी होता. घेतला. हे लिहून टाकतो, कारण मघाशी एवढं रीतसर पैशांचं बोललो. रीतसर मार्ग मला कुणी ठेवला नव्हता, तरी तो डबा पिशवीत टाकताना मला मामांच्या दुकानात परत गेल्यासारखं वाटलं नाही, नुसतं लाजल्यासारखं झालं.

घरी आणून जोडला. टिकल्या नव्या कंट्रोलरवर हलवल्या. काळी खड्याची तेवढी जुन्यावरून निघेना, तिथेच राहिली. गेम सुरू झाला, तेच संगीत, तोच डोंगर. आईने कंट्रोलर घेतला. पडद्यावर पडीक जमीन आली. तण, ओंडके, दगड. गोठा रिकामा. शेताला नाव द्या, गेम म्हणाला.

आई थोडा वेळ बघत राहिली.

"हे आपलं नाही," ती म्हणाली. "परत सगळे दगड मी वेचू का?"

आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. तो डबा आता लेक कधीतरी वापरते.

जुन्या यंत्रात आईची सेव्ह अजून आहे. मी सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं, एक एमबीसुद्धा जागा घेत नाही. जागा कमी पडते म्हणून लेकीने चार गेम काढले, तेव्हा ती फाईल तेवढी ठेव म्हटलं. करार पुन्हा होऊ शकतो. 'गोल्डनआय'ला पंचवीस वर्षं लागली, हे मला माहीत आहे, आणि आईचं वयही. तरी सभासदत्व या वर्षी पुन्हा भरलं. दर महिन्याला नव्या गेमची यादी येते ती शेवटपर्यंत वाचतो.

परवा दूधवाल्याचा हिशेब जुळेना म्हणून आईची वही काढली. एका बाजूने दूध: अर्धा लिटर, एक लिटर, खाडा. वही उलटी केली तर मागच्या बाजूने शेताचा हिशेब निघाला, सोळा महिन्यांचा, पेन्सिलीने. कोणत्या दिवशी काय पेरलं, किती पाणी, कोंबडीने अंडं दिलं की नाही, फुलवालीचा वाढदिवस कधी. ती असं काही लिहीत होती हे मला माहीत नव्हतं. सातवीपर्यंत शिकलेलं ते अक्षर, ओळी सरळ, प्रत्येक दिवसाखाली रेघ मारलेली. शेवटच्या पानावर एवढंच होतं:

वसंत ११. मुळा काडला. सगळ्यास्नी दिला.
तांबू बाहेर सोडली. गवत हाय.
दार उघडं ठेवलंय.